कोळंबी शेतीची फाइल कुठे अडकते? किनाऱ्यावरच्या नव्या अर्जदारासाठी

कोकण किनाऱ्यावर कोळंबी शेती सुरू करू पाहणारा नवा माणूस आधी बियाण्याचा दर काढतो, एरेटर (तळ्याच्या पाण्यात हवा मिसळणारी यंत्रं) किती लागतील ते विचारतो, पोकलेनवाल्याशी बोलून ठेवतो. परवानगीचं बघू नंतर. मग डिसेंबरात हातात येईल म्हणून धरलेला कागद मार्च संपला तरी येत नाही, मे उजाडतो, आणि एकदा मिरगाचा पाऊस बसला की खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या सखल खाऱ्या जमिनीत, पोकलेन उतरत नाही. चार-पाच महिन्यांचा उशीर असा अख्खं वर्ष खाऊन जातो.

तळं कसं काढावं हे सांगणारे पुष्कळ आहेत. इथे फक्त कागदाचं बोलू. कोणता कागद कोणत्या क्रमाने काढायचा, फाइल नेमकी कुठे थांबते आणि थांबली तर काय करायचं. पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या पट्ट्यातला, निमखाऱ्या पाण्यात दोन-चार तळी काढू पाहणारा शेतकरी डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. उशिरातला मोठा वाटा साहेबांच्या सहीत जात नाही. तो दोन कार्यालयांच्या मधे जातो. या कार्यालयाने त्या कार्यालयाला अभिप्राय मागितला, पत्र गेलं की नाही, पोचलं की नाही, उत्तर आलं की नाही, हे बघायला तिथे कुणी नेमलेलं नसतं. ते बघणारा माणूस तुम्हीच.

परवाना कुणाचा आणि वाट कुठली

निमखाऱ्या किंवा खाऱ्या पाण्यातल्या शेतीला तटीय जलकृषी प्राधिकरणाची नोंदणी लागते. २००५ च्या कायद्याने हे प्राधिकरण झालं, त्याचं कार्यालय चेन्नईत आहे. बोलताना सगळे 'सीएए' म्हणतात. गुगलवर तेवढंच टाकलंत तर नागरिकत्वाचा कायदा समोर येईल, तेव्हा पूर्ण नाव टाका. समुद्र, खाडी, नदीमुख यांच्या भरतीरेषेपासून दोन किलोमीटरच्या आतली जमीन या कायद्यात येते. खाडीतून आत नदीकडे सरकलं की हद्द कुठवर धरायची, तर भरतीचा परिणाम आणि पाण्याची क्षारता बघतात. त्यासाठी ५ पीपीटीचा (हजार भाग पाण्यात पाच भाग क्षार) आकडा धरलेला आहे. नोंदणी पाच वर्षांची असते, पुढे नूतनीकरण.

अर्ज ऑनलाइन भरता येतो. पण ऑनलाइन म्हणजे चेन्नईहून थेट प्रमाणपत्र, असा समज करून घेऊ नका. पाहणी आणि शिफारस जिल्ह्यातूनच होते. जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेली जिल्हास्तरीय समिती असते, तिच्यात महसूल, शेती, पर्यावरण, जिल्हा परिषद अशा बाजूंचे अधिकारी बसतात, आणि कामकाज चालवण्याचं मत्स्यव्यवसाय खात्याकडे असतं. दोन हेक्टरपर्यंतच्या शेताला या समितीची शिफारस पुरते. त्याहून मोठं असेल तर मधे राज्यस्तरीय समिती येते, आणि पर्यावरणाला अपाय होणार नाही याची प्राधिकरणाला स्वतंत्र खात्री करावी लागते. नव्या माणसाला माझा सल्ला, पहिला अर्ज दोन हेक्टरच्या आतलाच करा. एक टप्पा वाचतो, आणि पहिल्याच वर्षी त्याहून मोठं शेत झेपतंच असंही नाही.

२०२३ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली, पाठोपाठ २०२४ चे नियम आले. जुन्या कायद्यात नोंदणीशिवाय शेती केली तर कैदेची तरतूद होती. ती गेली, आता दंड, काम बंद करणं, बांधलेलं पाडणं, उभं पीक नष्ट करणं अशी कारवाई होते. 'आता जेल नाही ना, मग खणायला घ्या' असं सांगणारा कुणीतरी भेटेलच. बांध घालून झाल्यावर केलेल्या अर्जाची पाहणी कशी होते, हे एकदा मत्स्यव्यवसाय कार्यालयातल्या कुणालाही विचारा.

अधिकारी एवढे दबकून का असतात, त्यालाही इतिहास आहे. ११ डिसेंबर १९९६ ला एस. जगन्नाथन यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने किनारा नियमन क्षेत्रातली कोळंबीची शेतं काढून टाकायला सांगितली. पारंपरिक पद्धतीची तेवढी वगळली. तमिळनाडू, आंध्रकडे भातशेती आणि पिण्याचं पाणी खारं झाल्याच्या तक्रारी त्यामागे होत्या. आजचं प्राधिकरण त्या निकालातूनच आलंय. दुसरा निकाल आपल्याकडचा. १७ सप्टेंबर २०१८ ला मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवनाच्या (खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीच्या) तोडीला मनाई केली आणि त्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही सांभाळायला सांगितला. जमीन खाजगी असली तरी त्यातून सुटका नाही. या दोन निकालांनंतर खाडीकाठच्या कुठल्याही कागदावर सही करणारा माणूस दहा वेळा विचार करतो. तो सही टाळतो ते आळसाने कमी, भीतीने जास्त. ती भीती घालवणारे कागद आधीच फाइलीत घातलेत की हात चालायला लागतो.

पहिलं काम: सातबारा शेवटच्या रकान्यापर्यंत वाचा

बऱ्याच फाइली इथेच अडकतात, म्हणून इथे थोडं रेंगाळू.

डिजिटल सहीचा ताजा सातबारा, आठ-अ आणि मागचे सगळे फेरफार काढा. मग नाव आणि क्षेत्र बघून मिटून ठेवू नका. 'भोगवटादार वर्ग २' लिहिलंय का? तसं असेल तर ती जमीन विकायला किंवा भाड्याने द्यायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागू शकते, आणि ती स्वतंत्र फाइल असते. 'इतर हक्क'मध्ये कूळ आहे का? सोसायटीचा बोजा? 'खाजगी वन' किंवा 'राखीव वन' असा शेरा? वनाचा शेरा असेल तर त्या गटाचा नाद सोडा, दुसरी जागा बघा. पाच-सात वर्षं त्यात घालवणारे लोक आहेत.

कोकणातला नेहमीचा घोळ वेगळाच. सातबारावर वीस-बावीस नावं, त्यातली आठ मयत, तिघे मुंबईत, एक बाई लग्न होऊन गेल्या त्यांचं जुनंच नाव. वारस नोंद झालेली नाही. गावातला एक भाऊ म्हणतो, 'माझ्याशी करार करा, बाकीच्यांचं मी बघतो.' फाइलीला ते चालत नाही. जिल्हा समितीत महसूलचा माणूस बसलेला असतो आणि तो सर्वात आधी सहहिस्सेदारांच्या संमत्या विचारतो. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे (हल्लीचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी) आत्ताच टाका. तो मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित करेपर्यंत वेळ जातो, आणि तोवर पुढचा एकही कागद पक्का होत नाही.

जमीन भाड्याने घेणार असाल तर भाडेपट्टा नोंदणीकृतच हवा. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा पट्टा साध्या स्टँपपेपरवर उपयोगाचा नाही. मुदत नोंदणीच्या पाच वर्षांहून मोठी ठेवा, कर्ज काढणार असाल तर कर्जफेडीहूनही मोठी. एक अट आवर्जून घाला: भाडं प्राधिकरणाची नोंदणी मिळाल्याच्या तारखेपासून सुरू होईल, आणि नोंदणी नाकारली गेली तर करार रद्द. मालक कुरकुर करतो, पण मानतो. नाहीतर फाइल चेन्नईला फिरत असते आणि तुम्ही मोकळ्या खाजणाचं भाडं भरत बसता.

मोजणी याच वेळी मागा. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करायचा आणि मोजणी झाल्यावर 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, घ्यायची. खाडीकाठच्या गटांच्या खुणा पाण्याने, गाळाने गेलेल्या असतात, त्यामुळे इथे हद्दीचे वाद जास्त. मोजणी नसेल तर पाहणीच्या दिवशी शेजारी येऊन उभा राहतो आणि पंचनाम्यात 'हद्दीबाबत वाद' असे दोन शब्द पडतात. ते दोन शब्द पुसायला किती हेलपाटे पडतात, विचारू नका.

दुसरं काम: कागदावर भात, जागेवर तिवरं

ही कोकणची खास अडचण. आजोबांच्या काळी खारबंदिस्ती होती, आत खाऱ्या जमिनीतला भात पिकायचा. पुढे बांध फुटला, उघाडी (बांधातलं पाणी सोडायचं दार) मोडली, दुरुस्ती झाली नाही, भरतीचं पाणी आत खेळायला लागलं. काही वर्षांत तिथे तिवरं उभी राहिली. सातबारावर अजून 'भात' आहे, मालक म्हणतो आमची शेतजमीन आहे, आणि उपग्रहाच्या चित्रात कांदळवन दिसतंय. अशा वेळी चित्र जिंकतं. मालकाची हळहळ खरी असते, पण तिच्या आधारावर अर्ज टाकू नका.

तेव्हा करार करण्याआधी, पैसे देण्याआधी, हे दोन नकाशे बघा. एक, किनारा क्षेत्र व्यवस्थापनाचा मंजूर नकाशा. महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर जिल्हावार नकाशे आहेत. त्यात तुमचा गट भरतीरेषेपासून किती लांब, कोणत्या वर्गात, कांदळवनाचा पट्टा कुठवर, ते कळतं. किनारा नियमन क्षेत्राच्या १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे एक हजार चौरस मीटरहून मोठ्या कांदळवनाभोवती ५० मीटरचा बफर धरतात. ग्रामीण भागात समुद्राच्या भरतीरेषेपासूनचा ना-विकास पट्टा दाट वस्तीच्या ठिकाणी ५० मीटर, बाकी ठिकाणी २०० मीटर. खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी असेल ते. दुसरा नकाशा गुगल अर्थवर. त्यात मागच्या वर्षांची चित्रं एकामागून एक बघता येतात. पंधरा वर्षांपूर्वी मोकळं दिसणारं खाजण आज हिरवं दिसत असेल तर ते अधिकाऱ्यालाही दिसणार आहे.

२०२३ च्या दुरुस्तीने एक गोष्ट सोपी केली. प्राधिकरणाकडे नोंदलेली जलशेती ही किनारा नियमन क्षेत्रात परवानगी असलेली कृती आहे, हे स्पष्ट केलं. पण समुद्राकडच्या ना-विकास पट्ट्यात आणि खाडी-नदीकाठच्या बफरमध्ये कोळंबीचं तळं चालत नाही, कांदळवनासारख्या संवेदनशील जागेत तर प्रश्नच नाही. हॅचरी (बियाणं तयार करणारं केंद्र), पिंजऱ्यातलं मासेपालन, समुद्री शेवाळाची शेती यांना पाण्याजवळ राहण्याची मुभा वेगळी दिलेली आहे. तुमचा विचार त्यातला असेल तर खालची तळ्यांची अंतरं जशीच्या तशी लावू नका.

प्राधिकरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांत अंतरं लिहिलेली आहेत, ती टेपने मोजून बघा. पाचशेच्या आत लोकवस्तीच्या वाडीपासून १०० मीटर, पाचशेवरच्या गावापासून ३०० मीटर, पिण्याच्या पाण्याच्या जागेपासून १०० मीटर. शेजारच्या भातशेतीपासून मातीच्या पोताप्रमाणे ५० ते १०० मीटर. पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या नैसर्गिक ओहोळावर आडवं तळं घालता येत नाही. अर्ज भरायच्या दिवशी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरचा चालू मजकूर एकदा समोर ठेवा. वाडीतली जिवंत विहीर अर्जदाराच्या नकाशात हमखास राहून जाते, आणि पाहणीला आलेल्या माणसाला पहिली दिसते.

खारं पाणी अडवायला बांध घालणाऱ्या सरकारी खारलँड विभागाच्या योजनेच्या लाभक्षेत्रात तुमचा गट येतो का, तेही विचारून ठेवा. त्यांच्या बांधाच्या आत खारं पाणी घ्यायचं म्हणजे ज्यासाठी बांध घातला त्याच्याच विरुद्ध. त्यांचा लेखी अभिप्राय लागणारच.

माती आणि पाणी तपासायला रत्नागिरीजवळ शिरगावला कोकण कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय आहे, खारजमिनीचं संशोधन केंद्र पनवेलला आहे. तिथल्या अहवालाने परवानगी मिळते असं नाही, पण समितीपुढे अर्जदार गंभीर आहे एवढं दिसतं. आणि तळं पाणी धरणार की नाही हे तुम्हालाही कळायलाच हवं.

तिसरं काम: गावात आधी बोला

ग्रामपंचायतीचा ठराव मागायला गेलं की विरोध उभा राहतो, म्हणून लोक गुपचूप अर्ज टाकतात. मग पाहणीच्या दिवशी तोच विरोध चौपट होऊन येतो. डोल जाळी लावणाऱ्यांची, शिंपल्या-कालवं काढणाऱ्या बायकांची खाडीत उतरायची वाट तुमच्या बांधाने तुटते का, सांडपाणी कुठे सोडणार, भातवाल्याच्या बांधावर मीठ चढेल का, हे प्रश्न येणारच. मार्गदर्शक तत्त्वांतही शेजारशेजारच्या शेतांमधे ये-जा करायला मोकळी पट्टी सोडायला सांगितलंय. ती पट्टी नकाशात रंगवून ग्रामसभेत दाखवा. ठरावात गट क्रमांक आणि क्षेत्र बरोबर लिहिलंय ना, ते ग्रामसेवकासमोर बसूनच वाचा. 'कोळंबी प्रकल्पास हरकत नाही' एवढाच मोघम ठराव त्रुटी लागून परत येतो.

चौथं काम: अर्ज, आणि फाइलीच्या पहिल्या पानावरची यादी

अर्ज कधी टाकायचा? पावसाळ्यात. बांधाचं काम डिसेंबर ते मे या काळात व्हायचं, तर त्याआधीच्या जून-जुलैत कागद दाखल झालेले हवेत. म्हणजे सातबारा, वारस नोंद, मोजणी हे सगळं त्याआधीच्या उन्हाळ्यात. हिशेब उलटा मांडलात की लक्षात येतं, पहिला कागद हातात घेतल्यापासून पहिलं बियाणं सोडेपर्यंत दीड-दोन वर्षं धरून चालायला हवं. बँकेला आणि घरच्यांना तेच सांगा.

तळ्याचा आराखडा काढताना सांडपाण्याची सोय दाखवायला विसरू नका. व्हेनामी जातीची कोळंबी घेणार असाल तर शेत लहान असलं तरी पाणी थेट खाडीत सोडता येत नाही. निवळणीचं तळं लागतं. पाणी आत घ्यायची जागा आणि बाहेर सोडायची जागा वेगळी दाखवा. आराखड्यात ही दोन बाणांची चिन्हं नाहीत म्हणून परत आलेले अर्ज असतात.

ऑनलाइन अर्ज भरल्यावर त्याची छापील प्रत आणि सगळे कागद मत्स्यव्यवसाय विभागाच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात नेऊन द्या. पहिल्या पानावर यादी: कागदाचं नाव, तारीख, पान क्रमांक. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठायचं नाही. 'ठेवून जा, नंतर नंबर टाकतो' यावर हसून म्हणा, थांबतो मी. पुढचं सगळं त्या एका क्रमांकावर चालतं. तो नसेल तर अर्ज दाखलच नाही.

पाहणीचा दिवस

पाहणीची तारीख कळली की भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. शक्य असेल तर ओहोटीची वेळ मागा. भरतीत आलेल्या माणसाला तुमची अर्धी जागा पाण्याखाली दिसेल, आणि तो तसंच लिहील. आदल्या दिवशी मोजणीच्या खुणांवर चुना टाका, कोपऱ्यांवर झेंड्या लावा. नकाशाच्या चार प्रती, पेन, पाण्याच्या बाटल्या, चिखलात चालायला एक फळी. बांधावर तिवराची चार रोपटी उगवलेली असतील तर पाहणीआधी उपटायचा मोह होतो. तो गुन्हा होईल, आणि ताजा खड्डा सगळ्यांना दिसतो. ती तशीच राहू द्या, नकाशात दाखवा आणि तळ्याची हद्द मागे घ्या.

पंचनामा तिथेच लिहिला जातो. सही करण्याआधी पूर्ण वाचा. गट क्रमांक, हिस्सा क्रमांक, क्षेत्र, चतुःसीमा, खाडीपासूनचं अंतर, झाडांची नोंद. अंतर 'अंदाजे' लिहिलं असेल तर मोजलेला आकडा घालायची विनंती करा. 'खाडीलगत' आणि 'खाडीपासून ७० मीटर' यात फाइलीचं नशीब बदलतं. प्रत मागून घ्या. नाहीतर मोबाइलवर फोटो तरी काढू द्या म्हणा.

मग शांतता

पाहणीनंतर सगळ्यात मोठी पोकळी येते. मत्स्यव्यवसाय कार्यालय म्हणतं, वन विभागाच्या कांदळवन कक्षाचा अभिप्राय बाकी. कांदळवन कक्षात विचारलं तर पत्रच मिळालेलं नाही. जिल्हा समितीची बैठक ठरलेली, पण निवडणुकीची आचारसंहिता लागली. किंवा मार्चअखेर आहे. किंवा साहेबांची बदली झाली आणि नवे साहेब सगळ्या फाइली पहिल्यापासून वाचतायत.

इथे फोन करून 'माझ्या कामाचं काय झालं' विचारण्यात अर्थ नाही. उत्तर ठरलेलं असतं, 'प्रोसेसमध्ये आहे.' विचारायचं असं: अभिप्राय मागणाऱ्या पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख काय? तो घेऊन दुसऱ्या कार्यालयाच्या टपाल शाखेत जायचं आणि त्यांचा आवक क्रमांक काढायचा. मग नस्ती (फाइल) कोणत्या कार्यासनात, म्हणजे कोणत्या टेबलावर, गेली ते विचारायचं. पत्र हरवलं असेल तर पहिल्या कार्यालयाकडून स्मरणपत्र मागायचं आणि शक्य असेल तर ते हातोहात पोचवायचं. वहीत चार रकाने आखा: जावक, आवक, कार्यासन, तारीख. कंटाळवाणं काम आहे, पण फाइल हलते ती यानेच. आणि कारकुनाशी नीट बोला. त्याच्याकडे तुमच्यासारख्या अनेक फाइली असतात. क्रमांक सांगणाऱ्या माणसाची फाइल त्याला पटकन सापडते.

त्रुटीचं पत्र आलं तर चिडू नका, उलट बरं समजा. निदान फाइल कुणीतरी उघडली. सगळ्या त्रुटींचं उत्तर एकाच पत्रात, मुद्द्याप्रमाणे, पुराव्यासह द्या. अर्ध्या आज, अर्ध्या पुढच्या आठवड्यात असं केलंत की फाइल प्रत्येक वेळी नव्याने रांगेत जाते.

तरीही हलत नसेल तर

आता कायद्याची हत्यारं. ती एकदम सगळी काढायची नसतात, चढत्या क्रमाने काढायची.

सुरुवात एका साध्या पत्राने. महाराष्ट्रात २००५ चा एक कायदा आहे, लोक त्याला दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात. बदल्यांचं विनियमन आणि विलंबास प्रतिबंध असं त्याचं लांबलचक नाव आहे. त्याच्या कलम १० प्रमाणे कुठलीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांहून जास्त पडून राहता कामा नये. दुसऱ्या विभागाकडे पाठवायची गरज नसेल तर ४५ दिवसांत, पाठवायची असेल तर तीन महिन्यांत निर्णय व्हायला हवा. पत्रात धमकी नको. आवक क्रमांक, तारीख, आजवर गेलेले दिवस आणि 'कलम १० मधील मुदतीकडे लक्ष वेधतो' एवढंच. प्रत जिल्हाधिकाऱ्यांना.

पुढे लोकशाही दिन. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. तिथे सगळ्या खात्यांचे अधिकारी एका खोलीत असतात, आणि तुमची अडचण दोन खात्यांमधलीच आहे. अर्ज आधी द्यावा लागतो, त्या दिवशी उगवून चालत नाही.

आपण मागतोय तो दाखला २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाखाली अधिसूचित आहे का, ते 'आपले सरकार' पोर्टलवर किंवा कार्यालयातल्या फलकावर बघा. असेल तर ठरलेली मुदत, पहिलं अपील, दुसरं अपील, मग आयोग, अशी चढण आहे, आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अख्खी कोळंबी परवानगी या यादीत शोधत बसू नका; तिच्यासाठी लागणारे महसुली दाखले शोधा.

माहितीचा अधिकार मी यानंतर ठेवतो. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. 'माझ्या अर्जास उशीर का झाला' असं विचारू नका. 'का'चं उत्तर द्यायला ते बांधील नसतात, मागायची ती कागदावरची माहिती. असं लिहा: 'आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुक या अर्जावर आजपर्यंत झालेल्या टिपणीच्या सर्व पानांच्या प्रती, हा अर्ज कोणकोणत्या अधिकाऱ्याकडे कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होता त्याची नोंद, अन्य विभागांना पाठवलेल्या पत्रांच्या प्रती.' टिपणीची पानं हातात आली की अडलेला मुद्दा दिसतो. कित्येकदा तो एका ओळीचा असतो: 'अर्जदाराने मोजणी नकाशा जोडलेला नाही.' तुम्ही जोडलेला असतो, पण पान क्रमांक नसतो. यादी करायला सांगितली ती यासाठी. फाइल चेन्नईला गेली असेल तर माहिती अर्ज केंद्राच्या पोर्टलवरून प्राधिकरणाकडे करायचा, राज्याच्या नाही.

उच्च न्यायालय अगदी शेवटी. तिथेही 'परवानगी द्या' असं मागण्यापेक्षा 'अर्जावर ठराविक मुदतीत निर्णय घ्या' एवढं मागणं शहाणपणाचं. रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या लोकांना ऑगस्ट २०२५ पासून त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही, कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं.

फाइल पळवून देतो म्हणणारे एजंट भेटतील. अर्ज भरून देणारा, नकाशा काढून देणारा माणूस पैसे देऊन घ्या, त्यात गैर काही नाही. पण 'वरपर्यंत सेटिंग' सांगणारा तुमच्या नावाने नेमकं काय दाखल करतो ते तुम्हाला दिसत नाही, आणि पाच वर्षांनी नूतनीकरणाच्या वेळी तेच उघडं पडतं. कुणी लाच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे.

वाट बघताना

थांबण्याच्या काळात न खणता करण्यासारखं बरंच आहे. महावितरणकडे वीजजोडणीची चौकशी करा. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषी दर्जा देण्याचा निर्णय घेतला आहे, तेव्हा वीजदर आणि कर्ज कोणत्या दराने मिळेल ते लेखी विचारा. तोंडी उत्तरं टेबलागणिक बदलतात. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदानाची तरतूद आहे, पण मंजुरीआधी केलेला खर्च त्यात धरतील या भरवशावर राहू नका. कुणा जाणत्याच्या तळ्यावर एक हंगाम राबा. नोंदणीकृत हॅचरींची यादी काढून ठेवा, कारण बियाणं तिथूनच घ्यावं लागतं.

प्रमाणपत्र आलं की गट क्रमांक, क्षेत्र आणि नावाचं स्पेलिंग त्याच दिवशी तपासा. चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज लगेच टाका. एम्पेडाकडे (सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाकडे) शेताची नोंद करताना आणि माल निर्यातदाराला देताना हाच कागद पुढे जातो. मुदत संपण्याची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि नूतनीकरणाची तयारी त्याआधी सहा महिने सुरू करा. त्या वेळीही ताजा सातबारा लागेल, आणि तोवर सहहिस्सेदारांपैकी कुणी ना कुणी गेलेला असेल. वारस नोंद तेव्हाची तेव्हाच करून घ्या.